पाय काय सांगतात?



उसाला पाणी कमी पडले तर ते आपल्याला कोणी येऊन सांगावे लागत नाही. भर दुपारी पाने मिटू लागतात, कांडी आखूड पडते, फडाचा रंग उतरतो. बांधावरून नुसती नजर टाकली तरी अनुभवी माणसाला कळते. माणसाच्या शरीरातही एखाद्या भागाला रक्त कमी पडू लागले की त्याच्या खुणा उमटतात. पण त्या खुणा आपण वर्ष वर्ष, दोन दोन वर्षे बघत राहतो. “वय झालं आता,” “वात धरलाय,” “रानातलं काम म्हटल्यावर पाय दुखायचेच,” असे म्हणून पुढे ढकलतो. वास्तविक या खुणा ओळखायला मोठे शिक्षण लागत नाही. उजेड, एक आरसा आणि आपलीच दोन बोटे एवढे पुरते. त्या कशा ओळखाव्यात आणि कोणत्या खुणेवर किती घाई करावी, याची माहिती या अंकात देत आहोत. हा लेख वाचून कोणी स्वतःचे निदान करावे व मेडिकलमधून गोळ्या आणाव्यात असा आमचा हेतू नाही. डॉक्टरकडे केव्हा जायचे एवढे प्रत्येकाला कळावे, इतकाच उद्देश आहे.

आम्ही पायांवर जास्त लिहिणार आहोत, त्याचे कारण सांगतो. कालव्याच्या पाण्याचा अनुभव आपल्या सर्वांना आहे. वरचा भिजतो, मधल्याचे भागते आणि टेलच्या शेतकऱ्याची नेहमीच ओरड असते. शरीरातही तसेच आहे. हृदय दर मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त पुढे ढकलते. ते धमन्यांतून सर्वत्र जाते व शिरांतून माघारी येते. रक्त असे गोल फिरते हे इंग्लंडच्या विल्यम हार्वे या डॉक्टरने १६२८ साली ग्रंथ लिहून सिद्ध केले. या वाटेवर हृदयापासून सर्वांत लांब पाऊल. म्हणून वाटेत कुठेही अडथळा आला की पहिली ओरड बऱ्याच वेळा पायाची असते.

चालताना दुखते, थांबले की राहते

धमनीच्या आतल्या बाजूला वर्षानुवर्षे चरबी आणि चुना साचत जातो. ठिबकच्या नळीत क्षार धरतात तसेच म्हणा. नळी अरुंद होते, पण माणूस बसलेला असतो तेव्हा पायाच्या स्नायूंना रक्त थोडेच लागते, त्यामुळे तेवढ्यावर भागते. माणूस चालायला लागला की पोटरीचे स्नायू कितीतरी पट जास्त रक्त मागतात. अरुंद नळीतून ते येत नाही. मग पोटरी भरून येते, आवळल्यासारखी होते, गोळा आल्यासारखे दुखते आणि थांबावेच लागते. दोन-पाच मिनिटे उभे राहिले की दुखणे जाते. पुन्हा चालावे, पुन्हा तेवढ्याच अंतरावर दुखणे हजर.

ही खूण पहिल्यांदा शास्त्रात नोंदवली ती माणसाच्या नव्हे, घोड्याच्या डॉक्टरने, हे वाचून आपल्या पशुपालक सभासदांना बरे वाटेल. फ्रान्समधील बुले या पशुवैद्याने १८३१ साली एका घोड्याची हकीकत लिहिली. थोडे चालले की तो मागच्या पायांनी लंगडायचा, विसावा दिला की पुन्हा नीट चालायचा. त्याच्या मागच्या पायांकडे जाणाऱ्या धमन्या बंद झालेल्या निघाल्या. माणसातही हेच दुखणे असते हे शार्को नावाच्या नामांकित डॉक्टरने १८५८ साली दाखवले, म्हणजे तब्बल २७ वर्षांनी. बैल लंगडला तर आपण त्याच दिवशी खूर उचलून बघतो. स्वतःच्या पायाच्या बाबतीत मात्र आपली रीत अजूनही त्या २७ वर्षांसारखी आहे!

हे दुखणे ओळखायची सोपी युक्ती अशी, की रस्त्यावरचे विजेचे खांब मोजावेत. नेहमीच्या चालीने, सपाट रस्त्याने, कितव्या खांबाशी थांबावे लागते ते लक्षात ठेवावे. रोज साधारण त्याच खांबाशी तीच पोटरी धरत असेल, आणि नुसते उभे राहून मोकळी होत असेल, तर हे धमनीचे दुखणे असण्याचा संभव बराच. चढावर ते लवकर येते. गेल्या सुगीत आठ खांब जात होतो, आता पाचच, असे झाले असेल तर आता थांबण्यात अर्थ नाही. दुखणे पोटरीऐवजी कुल्ल्यात आणि मांडीत असेल तर अडथळा वर ओटीपोटाच्या धमनीत असू शकतो. पुरुषांना त्याबरोबर वैवाहिक जीवनातली कमजोरीही जाणवते. संकोचाने हे कोणी सांगत नाही, पण डॉक्टरला ते सांगणे उपयोगाचे असते.

आता पाय दुखण्याची इतर कारणे पुष्कळ आहेत, त्यांच्याशी गल्लत होऊ नये. गुडघ्याची झीज असेल तर बसून उठताना, पहिली चार पावले टाकताना दुखते. मणक्यातली जागा अरुंद झाल्यामुळेही चालताना पाय भरून येतात व मुंग्या येतात. पण त्या माणसाला नुसते उभे राहून आराम पडत नाही, बसावे लागते किंवा पुढे वाकावे लागते. तो सायकल बिनतक्रार मारतो, कारण सायकलवर माणूस वाकलेला असतो. रात्री झोपेत एकाएकी पोटरीत वांब येतो आणि मनुष्य ओरडत उठतो, तो प्रकार त्रासदायक असला तरी बहुधा या रोगाचा नसतो.

एक गोष्ट मात्र आम्हांला इथे मुद्दाम नमूद करावीशी वाटते. पूर्वी माणूस वस्तीवरून रानात, रानातून गावात पायी जायचा, त्यामुळे पोटरीची तक्रार लवकर उघडकीला यायची. आता मोटारसायकल थेट विहिरीच्या धक्क्यापर्यंत जाते. जो चालतच नाही त्याला चालताना दुखणार कसे? म्हणून “मला काही त्रास नाही” या वाक्यावर पन्नाशीनंतर फार विसंबू नये. आणि ज्यांना साखरेचा आजार आहे, त्यांनी तर मुळीच नाही.

साखरेचा आजार असणाऱ्यांनी

साखर कारखान्याच्या पत्रकात साखरेच्या आजारावर लिहायचे म्हणजे थोडे अवघडच! पण कर्तव्य आहे. मधुमेह केवळ साखर खाल्ल्याने होतो असे नाही. आनुवंशिकता, वाढलेले पोट, कमी झालेली हालचाल, वय अशी अनेक कारणे त्यात एकत्र येतात. मात्र एकदा तो झाला की साखर जपूनच खावी लागते, आणि “गुळाला चालतंय” ही समजूत चुकीची आहे. गुळानेही रक्तातली साखर वाढते. आपल्या भागात गूळही आपणच पिकवतो, तेव्हा यात कोणाची बाजू घेण्याचा प्रश्न नाही.

मधुमेहात पायाचे दुहेरी नुकसान होते. एकीकडे धमन्या लवकर अरुंद होतात. दुसरीकडे संवेदना वाहून नेणाऱ्या नसा मरत जातात. आधी तळव्यांची आग होते, मुंग्या येतात, कापसावर चालल्यासारखे वाटते, पुढे पाऊल बधिर होते. चप्पल पायातून निघून मागे राहिली तरी कळत नाही, ही याची घरगुती खूण. दुखणे हा शरीराचा राखणदार आहे. तोच झोपला तर काय होते, त्याची एक हकीकत देतो.

आपल्या कार्यक्षेत्रातील एक सभासद, वय ५८, मधुमेह नऊ वर्षांचा. नाव देत नाही, पण लिहायला त्यांची परवानगी आहे. रात्रीची लाईट होती, खोडव्याला पाणी द्यायला गेले. चिखलात चप्पल रुतते म्हणून अनवाणीच दारे धरत होते. उसाच्या बुडख्याची टोकदार कपची अंगठ्याशेजारी शिरली. त्यांना काही जाणवले नाही. सकाळी ओसरीवर रक्ताचा माग बघून सूनबाईंनी विचारले तेव्हा समजले. हळद भरली, चिंधी बांधली. दुखत नव्हते, म्हणून कामही थांबले नाही. दहा दिवसांनी वास येऊ लागला, तिसऱ्या आठवड्यात दोन बोटे काळी पडली. मग मिरजेला नेले. तिथे डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “चालताना पोटरी किती दिवसांपासून दुखतेय?” उत्तर होते दोन वर्षे. मांडीची धमनी जवळजवळ बंद झाली होती. फुगा घालून ती मोकळी केली, बोटे काढावी लागली, पाय वाचला. त्यांनी आमच्याजवळ जे सांगितले ते त्यांच्याच शब्दांत देतो: “दोन वर्षं पाय मला सांगत होता. मी त्याला तेल लावत बसलो.”

जखम भरायला रक्त लागते. चालायला जेवढे लागते त्याहून वेगळी, जास्तीची मागणी ती करते. त्यामुळे अरुंद धमनीवर कसेबसे चाललेले पाऊल एका काट्याने, चपलेच्या घासण्याने, नख काढताना झालेल्या जखमेने बिघडते. पायाची कोणतीही जखम दोन आठवड्यांत भरण्याच्या मार्गाला लागली नाही तर धमनीची शंका घ्यावी. मधुमेह असणाऱ्याने तर दोन आठवडेही थांबू नये. लाली, पू, वास, काळेपणा यांतले काहीही दिसले की त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

पाऊल कसे बघावे

आठवड्यातून एकदा, बाजारच्या दिवशी म्हणा, पाय धुऊन, कोरडे करून, उजेडात बसावे. मधुमेहींनी हे रोज करावे. तळवा दिसत नसेल तर खाली आरसा ठेवावा किंवा घरातल्या कोणाला बघायला सांगावे. नातवंडे हे काम आवडीने करतात.

दोन्ही पाय शेजारी ठेवून त्यांची तुलना करणे हे यातले मुख्य सूत्र आहे. एका नडगीवरचे केस गळून कातडी गुळगुळीत, चकचकीत झाली आहे का? एका पायाची नखे जाड होऊन वाढायची थांबली आहेत का? एक पोटरी दुसरीपेक्षा बारीक झाली आहे का? हाताच्या मागच्या बाजूने स्पर्श करून बघावे, एक पाऊल दुसऱ्यापेक्षा गार लागते का. थंडीच्या दिवसांत दोन्ही गार असतात, त्याची चिंता नको. एकच गार असेल तर लक्ष द्यावे. बोटांच्या बेचक्यांत, टाचेच्या भेगांत, कुरपांच्या कडेला नीट पाहावे.

अंगठ्याचा पेर दाबून सोडावा. पांढरा पडलेला भाग दोन-तीन सेकंदांत पुन्हा लालसर व्हायला हवा. मग आडवे होऊन पाय मिनिटभर वर उचलून धरावा व नंतर खाली सोडून बसावे. उचलल्यावर पाऊल पांढरे फटक पडत असेल आणि खाली सोडल्यावर हळूहळू जांभळट लाल होत असेल, तर ती चांगली खूण नाही. असे लाल झालेले पाऊल बघून “रक्त भरपूर आहे की” असा समज होतो, तो फसवा असतो.

त्यानंतर नाडी. मनगटाची नाडी सगळ्यांना माहीत आहे, पण पायालाही नाडी असते. एक पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठा व शेजारचे बोट यांच्या मधल्या रेषेत वर सरकत गेले की लागते. दुसरी आतल्या घोट्याच्या हाडाच्या मागे, हाड आणि टाचेची शीर यांच्यामधल्या खळगीत. तीन बोटे हलकेच ठेवावीत, जोराने दाबल्यास नाडी बंद होते. आपल्या अंगठ्याने बघू नये, कारण अंगठ्याची स्वतःचीच नाडी जाणवते. पहिल्या दिवशी सापडली नाही म्हणून घाबरून जाऊ नये, ही सवयीची गोष्ट आहे. शिवाय काही निरोगी माणसांना पावलावरची नाडी जन्मतःच लागत नाही. पण घोट्यामागचीही सापडत नसेल, आणि चालताना दुखणे किंवा न भरणारी जखम असेल, तर लगेच डॉक्टरला दाखवावे.

यापुढची पायरी रात्रीची. आडवे झाले की पाऊल व बोटे ठणकतात, झोप लागत नाही, आणि पाय खाटेखाली लोंबता सोडला किंवा उठून उभे राहिले की बरे वाटते. घरातला वडीलधारा माणूस खुर्चीतच झोपायला लागला आहे, पाय वर घेत नाही, असे दिसले तर घरच्यांनीच पुढाकार घ्यावा. या अवस्थेत पाऊल जाण्याची वेळ दूर नसते. इथे दिवस मोजायचे असतात, महिने नव्हेत.

बीडी, तंबाखू, मिश्री

काट्यावर गाडीचा नंबर लागेपर्यंत किती बीड्या ओढल्या जातात हे आम्ही दर हंगामात बघतो. धमन्यांना तंबाखूइतका शत्रू दुसरा नाही. मधुमेह, ब्लडप्रेशर, चरबी हे सगळे तिच्या मागोमाग येतात. वर सांगितलेला चरबी-चुन्याचा रोग बहुधा पन्नाशीनंतर जाणवतो. पण तरुण बीडी ओढणाऱ्यांना गाठणारा आणखी एक रोग आहे. न्यूयॉर्कच्या लिओ बर्गर या डॉक्टरने १९०८ साली त्याचे सविस्तर वर्णन केले, म्हणून त्याला बर्गरचा रोग म्हणतात. विशी ते पंचेचाळिशीतल्या पुरुषांत तो जास्त, आणि आपल्या देशात तो आजही दिसतो. यात हातापायांच्या टोकाच्या बारीक धमन्या सुजून बंद होतात. तळव्यात चालताना दुखते, बोटे गार आणि निळसर पडतात, टोकाला चिघळणारी जखम होते. या रोगावर खात्रीचा उपाय एकच, तंबाखू पूर्ण बंद. दिवसाला दोनच बीड्या ओढतो, ही सवलत येथे चालत नाही. बीडी सोडून मिश्री किंवा तंबाखू-चुना सुरू केला तर त्यानेही रोग पुढे सरकू शकतो. पूर्ण सोडणाऱ्याचे बोट बहुधा राहते. न सोडणाऱ्याचे एका बोटामागून दुसरे जाते. आपल्याकडे ऊसतोडणीला येणाऱ्या टोळ्यांतील तरुण मजुरांनाही ही माहिती वाचून दाखवावी, अशी मुकादमांना व सभासदांना आमची विनंती आहे. कोयता धरायचा तर बोटे हवीत.

परतीची वाट

आतापर्यंत रक्त पायापर्यंत पोहोचण्याचे बोललो. ते माघारी जाण्यातही बिघाड होतो. पावलात काही मोटार बसवलेली नाही. चालताना पोटरीचे स्नायू दाबले जातात आणि तेच रक्ताला वर ढकलतात. ढकललेले रक्त पुन्हा खाली घसरू नये म्हणून शिरांत झडपा असतात. विहिरीवरच्या पंपाचा फूट व्हॉल्व्ह खराब झाला की चढलेले पाणी खाली उतरते, तसेच या झडपा सैल पडल्या की रक्त खाली साचते. मग पायावर निळ्या, नागमोडी शिरा फुगतात. संध्याकाळी पाय जड होतात, घोट्याशी सूज येते, पाय उंचावर घेतला की बरे वाटते. हेही लक्षात ठेवावे, की शिरांच्या दुखण्यात पाय वर घेतल्याने आराम पडतो आणि धमनीच्या दुखण्यात खाली सोडल्याने. तासन्‌तास एका जागी उभे राहणारे लोक, म्हणजे हॉटेलवाले, गुरुजी, कारखान्यातले काही कामगार, आणि बाळंतपणे झालेल्या भगिनी यांना हा त्रास जास्त होतो. दुर्लक्ष केले तर घोट्याच्या आतल्या बाजूला कातडी काळवंडते, खाज सुटते व पुढे तिथे जखम होते. अशा फुगलेल्या शिरेला खरचटून एकदम रक्ताची चिळकांडी उडाली तर घाबरू नये. ताबडतोब आडवे व्हावे, पाय उंच धरावा, स्वच्छ कापडाने जागेवर दाबून ठेवावे. रक्त थांबते. उभे राहून बांधाबांध करत बसले की मात्र ते वाहतच राहते.

दोन्ही पायांना सूज असेल आणि बोटाने दाबल्यावर खड्डा पडत असेल, तर कारण पायात नसण्याचाही संभव असतो. हृदय, मूत्रपिंड, यकृत, रक्त कमी असणे, ब्लडप्रेशरच्या काही गोळ्या, यांतले काय ते डॉक्टरच तपासून सांगतील.

याउलट एकच पाय दोन-चार दिवसांत सुजला, पोटरी ताठ झाली, दुखते आणि गरम लागते, तर आतल्या मोठ्या शिरेत रक्ताची गाठ धरली असण्याची दाट शंका घ्यावी. ऑपरेशननंतर, प्लास्टर घातल्यावर, बाळंतपणानंतर, आजारात बरेच दिवस अंथरुणावर पडल्यावर, किंवा यात्रेला जाताना बसमध्ये खूप तास एका जागी बसून राहिल्यावर हे होऊ शकते. (लांबच्या यात्रेत दर दोन तासांनी उतरून चार पावले चालावीत.) इथे एक कळकळीची सूचना: अशा पायाला मालीश करू नये. ती गाठ सुटून फुप्फुसात जाऊन अडकू शकते. मग एकाएकी दम लागतो, छातीत कळ येते, खोकल्यातून रक्त पडते आणि प्राणावर बेतते. कातडी लालबुंद होऊन लाली पसरत असेल आणि थंडी-ताप असेल तर ते धावरेही असू शकते. दोन्हींत घरी थांबायचे नाही.

ज्याला मिनिटांचा हिशेब आहे

काही खुणांवर गाडी काढायलाच हवी. पाय किंवा हात अचानक गार पडला, पांढरा झाला, जबर दुखू लागला, बधिर झाला, बोटे हलेनाशी झाली, तर धमनी एकदम बंद झाली असे समजावे. साधारण सहा तासांच्या आत रक्त सुरू झाले तर अवयव वाचण्याची आशा चांगली. शेकत, चोळत बसण्यात ते तास जातात.

छातीत दाब, आवळल्यासारखे दुखणे, ते डाव्या हातात, जबड्यात, पाठीत जाणे, दरदरून घाम, ही हृदयाची खूण. स्त्रियांत व मधुमेहींत दुखणे कमी आणि दम, मळमळ, एकदम गळून जाणे एवढेच असू शकते, म्हणून “पित्त झालंय” म्हणून सोडून देऊ नये. तोंड एका बाजूला वाकडे होणे, एक हात उचलता न येणे, बोबडी वळणे, ही मेंदूची खूण. मेंदूतील गाठ विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येते, म्हणून लक्षण केव्हा सुरू झाले ती वेळ घड्याळात बघून ठेवावी. या सर्व वेळी १०८ क्रमांकाला फोन करावा. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका सेवा २०१४ सालापासून चालू आहे.

पाय आणि हृदय यांचा संबंध इथे येतो. पायाच्या धमनीत जे साचते तेच हृदयाच्या आणि मेंदूच्या धमन्यांतही साचत असते. ज्याची पोटरी चालताना धरते, त्याला पाय जाण्यापेक्षा हृदयविकाराचा किंवा पक्षाघाताचा धोका जास्त असतो. म्हणून विजेच्या खांबाशी थांबणाऱ्या माणसाने हृदयाचीही तपासणी करून घ्यावी.

तपासणी आणि उपाय

तिशीपुढील प्रत्येकाची ब्लडप्रेशर व साखरेची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात विनामूल्य होते. ती वर्षातून एकदा तरी करावी. धमनीच्या शंकेसाठी पहिली परीक्षा अगदी सोपी असते. दंडाचे आणि घोट्याचे ब्लडप्रेशर मोजून त्यांची तुलना करतात. घोट्याचा आकडा भागिले दंडाचा आकडा हे उत्तर ०.९ पेक्षा कमी आले तर धमनीत अडथळा आहे असे धरतात. मधुमेहात धमन्या कडक झालेल्या असतात, त्यामुळे कधी कधी हा आकडा खोटाच चांगला येतो. म्हणून पुढे डॉपलर सोनोग्राफी करतात. फुगा घालण्याची किंवा बायपासची गरज निघाली तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ते बसते का, याची चौकशी योजनेतील रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे आधी करावी. शेत गहाण टाकण्याची घाई करू नये.

प्रत्येकाला ऑपरेशन लागते असे मुळीच नाही. पुष्कळांना तंबाखू सोडणे, साखर व ब्लडप्रेशर ताब्यात ठेवणे, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या न चुकवणे आणि चालणे एवढे पुरते. हो, चालणेच! जखम किंवा रात्रीचे ठणकणे नसेल तर डॉक्टरांना विचारून रोज अर्धा-पाऊण तास चालावे. दुखू लागले की थांबावे, राहिले की पुन्हा चालावे. तीन महिन्यांत खांबांची संख्या वाढल्याचे बहुतेकांना दिसून येते. मुख्य नळी अरुंद असली तरी आडवाटेच्या बारीक नळ्या मोठ्या होतात आणि स्नायूही आहे त्या रक्तात भागवायला शिकतात.

पायात घट्ट इलॅस्टिकचे मोजे फुगलेल्या शिरांसाठी चांगले. पण धमनी अरुंद असलेल्या पायाला तेच मोजे घातक ठरतात, तेव्हा शेजाऱ्याचे बघून आणू नयेत. बधिर पाय गरम पाण्यात, शेकोटीजवळ किंवा हीटरसमोर ठेवू नयेत, भाजलेले कळत नाही. कुरूप ब्लेडने कापू नये. रात्री पाणी द्यायला जाताना गमबूट घालावेत, आणि घालण्यापूर्वी ते उलटे करून झटकावेत. खडा निघतो, कधी विंचूही निघतो.

डॉक्टरकडे जाताना “पाय दुखतात” एवढ्यावर भागवू नये. कोणता पाय, कुठे दुखतो, किती खांबांवर, उभे राहून राहते की बसावे लागते, रात्री काय होते, जखम केव्हाची, बीडी-तंबाखू किती, हे एका चिठ्ठीवर लिहून न्यावे. चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून बरोबर घ्यावीत, आणि तपासायच्या आधी दोन्ही पायांतले मोजे काढून बसावे.